मोठ्या बाईंची काच

आमच्या त्या गावात कुणी कुणाचं बोलणं मध्येच तोडलं की लोक म्हणायचे, "काच वर गेली." बाहेरून आलेल्या माणसाला याचा अर्थ लागत नसे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात मी आंबागडच्या अलीकडच्या एका गावी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा दवाखान्यातल्या शिपायाने पहिल्याच दिवशी मला बजावलं, "मोठ्या बाईकडे जाऊन या, पन लय बोलत नोका बसू. काच वर जाते." मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं.

मोठ्या बाई म्हणजे गावच्या जुन्या मालगुजाराच्या विधवा. मालगुजारी कधीच गेली होती, पण धानाची शेती, तलावाकाठची आमराई आणि गावाची सवय शिल्लक होती. गावाची सवय म्हणजे भांडण झालं की, सोयरिक जुळवायची असली की, म्हैस हरवली की बाईंच्या कानावर घालायचं. फरक एवढाच झाला होता की पूर्वी लोक ओसरीवर येत. आता बाईच लोकांकडे जात, आणि त्या मोटारीतून जात.

मोटार अमेरिकन होती. बाईंच्या यजमानांनी ती नागपूरच्या एका श्रीमंताकडून जुनीच घेतली होती. यजमान वारले, गाडी राहिली. लांबी इतकी की गावातल्या निम्म्या गल्ल्यांत ती शिरतच नसे. तिचं चाक डाव्या बाजूला, त्यामुळे ड्रायव्हर डोमा डावीकडे बसे आणि बाई मागच्या सीटवर उजवीकडे. या गाडीच्या काचा फिरवायला दांडी नव्हती. दरवाजावर एक चकचकीत बटन होतं. ते एका बाजूला दाबलं की काच गुणगुणत खाली जाई, दुसऱ्या बाजूला दाबलं की गुणगुणत वर येई. पुढच्या दोन दरवाजांची बटनं गाडी गावात आली तेव्हापासूनच मुकी होती आणि तिथं कुणीतरी साध्या गाडीच्या दांड्या बसवून टाकल्या होत्या. मागची दोन तेवढी जिवंत होती. चावी चालू असल्याशिवाय बटन चालत नसे, म्हणून गाडी उभी असली तरी डोमा आपल्या जागेवर बसून राही.

संध्याकाळी गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन थांबायची. लोक एकेक करून खिडकीशी येत. बाई त्यांच्याकडे बघत, ऐकत, आणि काच किती खाली आहे यावरून आपली किंमत काय ते माणसाला कळे. पूर्ण खाली म्हणजे मान. अर्धी म्हणजे बोल, ऐकते. चार बोटं फट म्हणजे तुझं मला आधीच ठाऊक आहे. बाई कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. बोलणं रटाळ झालं, खोटं झालं किंवा रडारडीवर आलं की त्या "हो का?" एवढंच म्हणत, आणि त्या "हो का" मधला "का" संपेपर्यंत बोट बटनावर गेलेलं असे. माणूस बोलत असे, काच वर येत असे, आणि शेवटी त्याला काचेत स्वतःचंच तोंड दिसे.

गावच्या सरपंचाचं नाव पुंडलिक. बोलायला लागला की थांबत नसे, आणि बोलताना खिडकीवर ओणवा होऊन जवळजवळ गाडीतच यायचा. एकदा तो तलावाच्या पाण्याबद्दल काहीतरी पटवत होता. पाणी खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, आधी सोडावं असं त्याचं म्हणणं, आणि खालच्या बांध्या बऱ्याचशा त्याच्याच. बाई म्हणाल्या, "हो का?" काच वर आली. सरपंचाने मान वेळेवर बाहेर काढली, पण त्याच्या गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक आत राहिलं. बाईंनी पुढे बघून डोमाला खूण केली. डोमाने गाडी सोडली. सरपंच दुपट्टा धरून गाडीबरोबर पाळीवरून धावतोय, हे दृश्य गावातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी जास्त रंगवून सांगितलं. थोड्या अंतरावर गाडी थांबली. काच खाली आली, दुपट्टा सुटला, काच परत वर गेली. त्यानंतर पुंडलिक सरपंच बाईंशी बोलेनासा झाला.

मी बाईंकडे जायची ती त्यांच्या हातांसाठी. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी होऊन बसली होती. मनगटं वळत नव्हती. गुडघेही गेले होते, पण गुडघ्यांचं त्यांना फार नव्हतं. मी गरम पाण्यात त्यांचे हात बुडवून शेकत असे, मग एकेक बोट हळूहळू सरळ करायचा प्रयत्न करत असे. ते सरळ होत नसे. हे दोघींनाही माहीत होतं, पण शेकल्यावर जरा बरं वाटे म्हणून मी जात राहिले.

घरात त्यांची आबाळ नव्हती. सून चांगली होती. तीच वेणी घाली, तीच घास भरवी, चहा बशीत ओतून निववून पाजी. मुलगा वसंतराव आईसमोर मोठ्याने बोलत नसे. तरी एकदा हात शेकताना बाई मला म्हणाल्या, "नर्सबाई, चहा केव्हा प्यायचा थे सून ठरवते. लुगडं कोणतं थे सून ठरवते. दार लावायचं का उघडं ठेवायचं, थेही मले कोणाले तरी सांगा लागते. माह्या मनानं होते अशी एकच गोष्ट आहे." आणि वाकडं बोट माझ्या तळहातावर दाबून दाखवलं. बटन दाबायला तेवढं बोट पुरत होतं.

या गाडीचं दुसरं काम लग्नाचं. गावातली कुणाचीही पोरगी सासरी निघाली की बाईंची मोटार तिच्यासाठी जायची. जात, पैसा, जुनी भांडणं काही पाहिलं जात नसे. बाई त्या दिवशी घरी बसत. नवरीने त्यांच्याच जागेवर बसायचं आणि बटनही तिनेच दाबायचं, एवढा नियम होता. गाडी सुटताना काच पूर्ण खाली हवी. आई त्या खिडकीतून मुलीला पाण्याचा घोट पाजायची, आणि बायका मुठी भरभरून हळदीच्या अक्षता टाकायच्या. आमचा भाग धानाचा. अक्षता चिमटीने टाकायची रीत तिथे नाही. गावाची शीव ओलांडली की मग नवरीने स्वतः काच वर करायची. तोवर मागे वळून बघायचं तेवढं बघून घ्यायचं. कितीतरी पोरींनी आयुष्यात पहिल्यांदा दाबलेलं विजेचं बटन ते होतं, कारण गावात दिवे सगळ्यांकडे आले नव्हते.

एका उन्हाळ्यात, लग्नं आटोपल्यावर, बाईंची काच मध्येच अडकली. ना वर, ना खाली. साकोलीहून किसन मिस्त्रीला बोलावणं गेलं. किसन हा ठाम माणूस. त्याने आधी सांगितलं बॅटरी गेली. बॅटरी ठीक निघाली. मग म्हणाला फ्यूज. फ्यूजही ठीक निघाला. मग म्हणाला, "वायर उंदरानं खाल्ली, माह्याकडून लिहून घ्या." वायर शाबूत होती. प्रत्येक वेळी त्याचा आवाज तितकाच खात्रीचा असे. शेवटी त्याने दरवाजाचं आतलं आवरण काढलं, आत हात घातला आणि चाचपून पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "दरवाजात भात शिजला."

काचेच्या फटीतलं रबर झडून गेलं होतं. तिथून वर्षानुवर्षांच्या अक्षता दरवाजाच्या पोटात पडल्या होत्या. गाडी धुताना त्यावर पाणी गेलं, तांदूळ फुगले, वाळले, परत भिजले, आणि काच उचलणाऱ्या दातेरी चाकाभोवती पिवळी ढेप होऊन बसली. तिच्याशी झगडून काच उचलणारी छोटी मोटार जळाली होती. किसनने पेचकसाने ती ढेप खरवडून काढली. तांदळाबरोबर सुपाऱ्या निघाल्या, केसातल्या पिना निघाल्या, एक चांदीचं जोडवं निघालं. बाईंनी ते सगळं सुपात घालून समोर ठेवायला लावलं आणि बसल्या बसल्या एकेका नवरीचं नाव घेत गेल्या. सून एखादं नाव चुकलं तर दुरुस्त करत होती. मग बाई म्हणाल्या, "डोमा, हे तलावात टाक. मासोळ्या खातीन." जोडवं कुणाचं ते कळलं नाही, ते देवघरात गेलं.

"अशी मोटार आता भेटत नाही," किसन म्हणाला. "अँबेसडरची मशीन बसवून देतो. दांडी फिरवली का काच वर. जिंदगीभर पाहा लागत नाही."

वसंतरावांना पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच. बाईंनी विचारलं, "दांडी फिरवन कोण?"

"डोमा आहे ना, माय," वसंतराव म्हणाले. "तू फक्त सांग."

"सांगू?" बाई म्हणाल्या. "माणूस समोर उभा आहे, बोलून राहिला आहे, आन मी डोमाले सांगू का काच लाव? थे त भांडण झालं. बटन दाबलं त काच जाते. सांगितलं त मीच त्याच्या अंगावर जाते."

आईला दुखवायचं नव्हतं आणि काय म्हणते ते पूर्ण कळलंही नव्हतं, असा वसंतरावांचा चेहरा झाला होता. किसनने डोकं खाजवलं आणि दुसऱ्या मागच्या दरवाजाची मोटार काढून या दरवाजात बसवली. त्या दुसऱ्या खिडकीची काच वर करून खाली लाकडी पाचर ठोकली. ती पुढे कधीच उघडली नाही.

काच चालू झाली, पण दुसऱ्या बाजूची मोटार असल्यामुळे उलटी. वर दाबलं की खाली. किसन तोवर साकोलीच्या बसमध्ये बसला होता. दुसऱ्याच दिवशी खताच्या दुकानाचा एक माणूस पाळीवर आला आणि नवीन खताचे गुण सांगू लागला. बाई म्हणाल्या, "हो का?" आणि बटन दाबलं. अर्धी असलेली काच सरसर पूर्ण खाली गेली. त्या माणसाला वाटलं आपली वट वाढली. त्याने आनंदाने डोकं आत घातलं आणि पिशवीतला नमुना काढून बाईंच्या मांडीवर ठेवला. डोमा पुढे तोंडात दुपट्टा कोंबून बसला होता. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. त्याचं डोकं आत असताना दुसरा उपायच नव्हता. किसनने पुढच्या खेपेला तारांची अदलाबदल करून दिली तेव्हा कुठे गावाची रीत जागेवर आली.

जाताना किसनने बजावलं, "बाई, ही मोटारही म्हातारी आहे. जपून चालली त चालली. लग्नाले देऊ नोका. ही गेली का आपल्याजवळ काही नाही."

त्याचे आधीचे अंदाज सगळे चुकले होते, पण हा खरा असावा असं सगळ्यांनाच वाटलं. गावात बातमी गेली. बायकांनी आपसांत ठरवलं की यापुढे गाडीवर अक्षता टाकायच्या नाहीत, नुसते हात जोडायचे. बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रिकाम्या हातानं पोरगी वाटे लावतेत का कोणी?" डोमाने मग काचेच्या फटीत फडकं कोंबायची युक्ती काढली, आणि त्या फडक्यावर पुढची दोनेक वर्षं लग्नं निभावली. काचेच्या मोटारीचा आवाज मात्र बदलला होता. पूर्वी ती गुणगुणायची, आता कण्हायची. शेवटी शेवटी बाई रोजच्या फेरीत काच एकदा खाली करत आणि एकदाच वर करत. मधल्या वेळात कुणी कितीही पिळलं तरी ऐकून घेत. बटन त्या जपून वापरत होत्या, हे पाळीवर येणाऱ्या सगळ्यांना दिसत होतं, आणि बोलघेवड्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

अशाच एका हिवाळ्याच्या शेवटी पुंडलिक सरपंच पाळीवर आला. दुपट्ट्याच्या प्रकारानंतर पहिल्यांदाच. त्या दिवशी मी बाईंच्या शेजारी बसले होते, कारण त्यांचं बोट सुजलं होतं आणि मला ते बघायचं होतं. सरपंच गाडीपासून हातभर लांब उभा राहिला. दुपट्टा काढून हातात घेतला होता.

"बाईसाहेब, माह्या शेवंताचं जमलं."

बाईंनी बटन दाबलं. काच कण्हत पूर्ण खाली गेली.

"कोणत्या गावाले देऊन राहिला?"

"साकोलीले."

"लांब आहे."

"हो, बाईसाहेब." एवढ्यावर तो थांबला. पुंडलिक सरपंचाला थांबलेलं मी तेव्हाच पाहिलं. गाडी मागायची त्याची हिंमत होत नव्हती. किसन काय म्हणाला होता ते त्यालाही ठाऊक होतं.

पुढे बसलेल्या डोमाने न वळता हळूच म्हटलं, "बाई, मिस्त्री काय म्हणे..."

"डोमा, गाडी धुऊन ठेव," बाई म्हणाल्या. "आन फटीत फडकं नोको. नवी नवरी बसन तिथं."

मला राग आला. बाईंचा नव्हे, सरपंचाचाही नव्हे, नुसताच आला. हातांची हालत मी रोज बघत होते. त्या बोटांनी आता पदरही धरता येत नव्हता.

शेवंताच्या पाठवणीला मी होते. काच खाली गेली. आईने पाणी पाजलं. बायकांनी दोन्ही मुठींनी अक्षता टाकल्या, आणि सरपंच त्या गर्दीत काही न बोलता खिडकीची चौकट धरून गाडीबरोबर चालत गेला, शिवेपर्यंत. तिथे शेवंताने बटन दाबलं. दरवाजातून कुरकुर आवाज आला, करपल्याचा वास आला, आणि मग काहीच आलं नाही. साकोलीपर्यंत ती उघड्या खिडकीने गेली. आपल्या हातून काचेची मोटार मोडली म्हणून वाटभर रडली, असं डोमाने परत आल्यावर सांगितलं. तो बाईंसमोर खाली मान घालून उभा होता.

"खाली त गेली होती ना?" बाईंनी विचारलं.

"गेली होती, बाई."

"मंग झालं."

किसन आला. दरवाजा उघडून बघितला, आणि या वेळी त्याने काहीच ठामपणे सांगितलं नाही. दांडीची मशीन त्याने बरोबर आणली होती. बाई म्हणाल्या, "काचच काढून टाक." वसंतरावांनी थंडी-पावसाचं सांगून पाहिलं, सुनेने सांगून पाहिलं. बाईंचं ठरलं होतं. दुसऱ्याच्या हाताने वर-खाली होणाऱ्या काचेपेक्षा काच नसलेली त्यांना चालणार होती. किसनने काच काढली. बटन दरवाजावर तसंच राहू दिलं, कारण ते काढलं तर भोक दिसेल, असं तो म्हणाला. पावसाळ्यासाठी डोमाने मेणकापडाचा पडदा शिवून घेतला.

त्यानंतर पाळीवर बाईंची जी अवस्था झाली ती मला बघवत नसे. लोक वाईट नव्हते, पण समोर काच नाही म्हटल्यावर त्यांना थांबायचं कुठे ते कळेना. खताचा माणूस येई, विम्याचा येई, नात्यातले येऊन जुनी रडगाणी गात. बाई सगळ्यांचं ऐकत. "हो का?" म्हणत. समोरचा त्याला होकार समजून आणखी सांगत बसे. ऐकून ऐकून त्यांचा चेहरा थकायचा आणि तो थकलेला चेहरा सगळ्यांना दिसायचा. पूर्वी तसा तो कुणी पाहिला नव्हता. माणसाला आपला चेहरा लपवायची जागा लागते, आणि बाईंची ती जागा गेली होती. शेवंताला मोटार देताना त्यांना हे कळलं नव्हतं असं मला वाटत नाही.

ऐंशीनंतर माझी बदली कारध्याला झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी पाळीवर गेले. गाडी नेहमीच्या जागी होती. वारा होता, बाईंच्या अंगावर घोंगडी होती. डोमाने मला बघून चावी चालू केली. तशी गरज उरली नव्हती, पण त्याची सवय गेली नव्हती.

"जाऊन राहिल्या म्हणे," बाई म्हणाल्या.

"हो. उद्या सकाळच्या गाडीने."

"नवीन येनारीचे हात गरम आहेत का?"

"विचारून घेते," मी म्हटलं. त्या हसल्या.

मग मला वाटलं, काहीतरी नीट बोलावं. सहा-सात वर्षं त्यांचे हात माझ्या हातात होते, आणि मी आजवर त्यांच्याशी औषधापलीकडे फारसं बोलले नव्हते. मी सुरुवात केली. "बाई, मी इथं आले तेव्हा एकटी होते. तुमच्याकडे यायला लागले म्हणून..." डोळे पुसत मी बोलत राहिले.

बाईंनी मान खाली घातली. ओठ घट्ट मिटले होते, हनुवटी थरथरत होती. मग घोंगडीतून तो वाकडा हात बाहेर आला, दरवाजावर गेला, आणि त्यांनी बटन दाबलं. काही झालं नाही. त्यांनी परत दाबलं. नुसती टिक् टिक् ऐकू येत होती.

मी वाक्य अर्धवट सोडलं. मागे सरले, हात जोडले आणि त्यांच्याकडे पाठ करून तलावाकडे तोंड केलं. जरा वेळाने मागे गाडी सुरू झाली. ती पाळीवरून खाली उतरून गावात शिरेपर्यंत मी वळून पाहिलं नाही.